लॅपटॉपमधलं जुनं वायफाय कार्ड घरच्या घरी बदलता येतं का? राउटर ५ गिगाहर्ट्झचा आहे, पण लॅपटॉपला तो दिसतच नाही.

येतं, पण आधी मागचं झाकण उघडून बघा. कार्ड मदरबोर्डवरच सोल्डर केलेलं असेल तर विषय संपला, सरळ यूएसबी डोंगल (बाहेरून लावायचं छोटं वायफाय उपकरण) घ्या. छोट्या स्क्रूने बसवलेलं एम.२ २२३० (२२ x ३० मिमी मापाचं) कार्ड असेल तर इंटेल एएक्स२१० कार्ड घ्या, ते एएमडी प्रोसेसरवरही चालतं. दिसायला तसंच असलेलं एएक्स२११ चुकून घेऊ नका. ते फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरवरच चालतं. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) परकं कार्ड स्वीकारत नाही, तेही आधी तपासा.

मी घोडबंदर रोडला राहतो. आमच्या मजल्यावरच बारा-पंधरा राउटर दिसतात, त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झवर संध्याकाळी नुसतं चक्र फिरत बसायचं. कार्ड बदलून ५ गिगाहर्ट्झवर गेल्यावर सुटलो. वेळ गेला तो अँटेनाच्या दोन वायरींत. टोकं मसुराएवढीही नसतात. तिरकी दाबली तर वाकतात. कार्डावरच्या जागेच्या बरोबर वर धरून नखाने दाबायची, टक् आवाज येतो. जुनं कार्ड काढण्यापूर्वी फोटो काढून ठेवा, आणि सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढा. नव्या कार्डाचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) मात्र आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा, नाहीतर नेटच नसेल!