लेक चर्चला जायला लागली, आणि तिच्या गुडघ्याबद्दल पत्रात एकच ओळ

डॅलसच्या ताई, तुमचं पत्र वाचून जीव कळवळला. तुम्ही लिहिता, "लेक ओक्लाहोमात टल्साला शिकते, मैत्रिणीबरोबर चर्चला जाते, तिथे कुणा जुन्या मिस अमेरिकेचं ऐकून आली आणि आता म्हणते बाप्तिस्मा घेणार, आमचे संस्कार कुठे कमी पडले?" घाबरणं साहजिक आहे हो, पण ती बाई नेमकं काय सांगते ते ऐकलंत का एकदा तरी?

ती शेरिल प्रूइट, लग्नानंतरची शेरिल सेलम. मिसिसिपीतली, साध्या घरातली. अकराव्या वर्षी कार अपघातात तिचा पाय चिरडला आणि नंतर आखूडच राहिला. पुढे सतरा वर्षांची असताना एका प्रार्थनासभेत तो पाय देवाने बरा केला असं ती सांगते, आणि सप्टेंबर १९७९ मध्ये अटलांटिक सिटीला तिने मिस अमेरिका १९८० चा मुकुट जिंकला. नंतर नवऱ्याबरोबर ख्रिस्ती धर्मप्रचाराचंच काम. अशी ती एकटी नाही बरं का, १९७३ ची मिस अमेरिका टेरी म्यूसनसुद्धा पुढे ख्रिश्चन टीव्हीवरच गेली. अमेरिकेच्या दक्षिणेत मुकुट आणि चर्च यांचं वाकडं नाहीच.

आता तुमच्याच पत्रातली ही ओळ परत वाचा. "मागच्या वर्षी गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, कथक सुटलं, पण ते होऊन गेलं." कोणासाठी होऊन गेलं ताई? लहानपणापासून नाचणारी मुलगी, तिचा नाच गेला आणि घरात त्यावर कोणी बोललंच नाही, सगळे म्हणाले फिजिओ कर, सेमिस्टर सांभाळ. मग एक बाई उठते आणि हजार लोकांसमोर सांगते की माझाही पाय गेला होता. पोर तिकडे ओढली जाणारच! मी हे नेहमी लिहिते आणि लिहीतच राहणार, आपण फोनवर मुलांना ग्रेड विचारतो, इंटर्नशिप विचारतो, जेवलीस का विचारतो, दुखतंय का हे विचारत नाही.

माझ्या दिरांच्या मुलीचं ह्यूस्टनला असंच झालं. दिरांनी बोलणं टाकलं, दिवाळीला पोर घरी आली नाही. माझ्या सासूबाई नगरच्या, शेजारी ख्रिश्चन कुटुंब, लहानपणापासून ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांची भजनं कानावर पडलेली. त्यांनी नातीला फोनवर सरळ विचारलं, काय गं गाता तुम्ही तिथे, म्हणून दाखव. ती गायली, मग रडली, मग कितीतरी वेळ बोलत बसली. तिने बाप्तिस्मा घेतलाच, पण आजीचा फोन कधी चुकवला नाही. टिळकांनी १८९५ मध्ये धर्म बदलला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, किती सोसलं त्या माउलीने. तेवढी ताटातूट आपल्या घरात कशाला?

म्हणून या वीकेंडला गाडी काढा आणि टल्साला जा. संस्कार हा शब्द तोंडातून काढू नका. गुडघ्याचं विचारा, कथकचं विचारा, त्या बाईचं काय आवडलं ते विचारा आणि गप्प बसून ऐका. एका गोष्टीवर मात्र ठाम राहा, प्रार्थना कर पण फिजिओ आणि डॉक्टर सोडायचे नाहीत. शेरिलची स्वतःची लहान मुलगी १९९९ मध्ये ब्रेन ट्यूमरने गेली, सहा वर्षांची होती. तेही ती सांगते, लेकीला ते माहीत असू दे. बाप्तिस्म्याचं म्हणाल तर ती एकोणीस वर्षांची आहे, निर्णय तिचाच, रागावून थांबणार नाही. थोडं थांबून विचार कर एवढं मायेने म्हणू शकता.

बाकीचं थोडक्यात. सांगलीच्या सासू-सासऱ्यांना आत्ताच काही कळवू नका, लेकीला हवं तेव्हा ती सांगेल. धाकटा मराठीत उत्तर देत नाही, न देऊ दे, तुम्ही मराठीतच बोलत राहा. ओसीआय कार्डाचं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डाचं, कॉन्सुलेटच्या साइटवर बघा.

आणि जाताना यजमानांना बरोबर न्या. पत्रभर त्यांचा उल्लेख फक्त "हे फार चिडलेत" एवढाच आहे, त्यांनाही लेकीच्या शेजारी बसून ऐकू दे.