सभासदाने कबुली दिली, आता ॲडमिनने पोलिसांत जायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. वय वर्षं ६२, निवृत्त, दुचाकीस्वारांच्या एका हौशी गटाचे संस्थापक आणि व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन. ग्रुपमध्ये १८० जण. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. गेल्या महिन्यात एका सभासदाने पहाटे समृद्धी महामार्गावर बाइक घातल्याचा आणि १३८चा काटा दाखवणारा फोटो ग्रुपवर टाकला. त्यावर भांडण पेटलं. काहींचं म्हणणं, ‘असं कुणी कबूल केलं की ॲडमिनने ते थेट पोलिसांना कळवायचं, असा नियमच करा.’ हा वाद चालू असतानाच एका रात्री २६ वर्षांच्या एका सभासदाने अण्णांना खासगीत ऑडिओ पाठवला. तीन आठवड्यांपूर्वी, अंधार पडल्यावर, एका राज्यमार्गावर त्याच्या बाइकची धडक सायकलवाल्याला बसली. सायकलला दुधाची किटली होती. हा पुढे जाऊन थांबला, वळून पाहिलं, लोक धावत येताना दिसले आणि घाबरून निघून आला. त्या माणसाचं काय झालं, त्याला माहीत नाही. ‘अण्णा, झोप लागत नाही, पण कुणाला बोलू नका.’ ग्रुपमधल्या एका जुन्या मित्राने अण्णांना सल्ला दिला आहे की ऑडिओ डिलीट करा, विषय संपला. अण्णा विचारतात: मी कायद्याने बांधलेला आहे का? ॲडमिन म्हणून माझ्यावर वेगळी जबाबदारी येते का? गप्प बसलो तर मी गुन्हेगार ठरतो का?

अण्णा, नमस्कार.

ग्रुप तुम्हाला अण्णा म्हणतो, मीही तसंच म्हणते. आधी एक काम करा, बाकीचं नंतर वाचा. तो ऑडिओ पुसू नका. त्या मुलाच्या चॅटमध्ये संदेश आपोआप गायब होण्याची सोय चालू असेल, तर तो आजच फोनमध्ये जतन करून ठेवा. फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका. आणि तो ऑडिओ पुढे कुणालाही पाठवू नका, सल्ला देणाऱ्या मित्रालाही नाही.

ही घाई का, ते सांगते. गप्प बसणं आणि पुसून टाकणं यांत कायदा फार मोठा फरक करतो. गुन्हा घडला आहे हे माहीत असताना, तो करणाऱ्याला वाचवण्यासाठी पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम २३८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. मूळ गुन्ह्याची शिक्षा दहा वर्षांच्या आत असेल, तर तिच्या एक चतुर्थांशापर्यंत कैद होऊ शकते. मे २०२४ मधलं पुण्याचं कल्याणीनगर प्रकरण तुम्हाला आठवत असेल. गाडी चालवणारा अल्पवयीन होता, पण रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून मोठी माणसं, डॉक्टरसुद्धा, तुरुंगात गेली. अपघाताच्या वेळी ती त्या गाडीत नव्हती. तुमच्या मित्राने दिलेला सल्ला तुम्हाला नेमका त्या वाटेवर नेणारा आहे. त्याचा हेतू चांगला असेल, यात मला शंका नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. ज्याला गुन्हा कळला, तो पोलिसांना सांगायला बांधलेला आहे का? सरसकट नाही. पोलीस तपास आणि खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये गुन्ह्यांची एक यादी आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ३९ होतं. खून, सदोष मनुष्यवध, खंडणीसाठी अपहरण, दरोडा, दहशतवादी कृत्य, अन्नातली भेसळ, खोट्या नोटा असे गुन्हे त्यात आहेत. यातलं काही घडलं किंवा घडणार आहे असं कळलं, तर कुणीही नागरिक असो, जवळच्या पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना सांगणं बंधनकारक आहे. सांगितलं नाही, तर त्याचं रास्त कारण दाखवायची जबाबदारी त्याच्यावर येते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबाबत पोक्सो कायद्याचं कलम १९ याहून कडक आहे. तिथे कळवायचंच.

या यादीत न्याय संहितेची कलमं १०३ ते १०५ आहेत, १०६ नाही. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हे १०६ मध्ये येतं. म्हणजे तो सायकलवाला दुर्दैवाने गेला असला, तरी निव्वळ निष्काळजीपणाचा अपघात कळवायचं बंधन कलम ३३ तुमच्यावर टाकत नाही. जखमी झाला असेल तर तो गुन्हा कलम १२५ चा, तोही यादीत नाही. तुम्ही गप्प बसलात, एवढ्याने गुन्हेगार ठरत नाही.

पण एक गोष्ट त्या मुलाला स्पष्ट विचारा: तो प्यायला होता का? कुणाशी शर्यत चालली होती का? तसं असेल आणि तो सायकलवाला गेला असेल, तर पोलीस सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लावू शकतात. ते यादीत आहे, आणि मग तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ बदलतो. कळवायला बांधलेल्या माणसाने जाणूनबुजून न कळवण्याला न्याय संहितेच्या कलम २३९ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

ॲडमिन म्हणून तुमच्यावर वेगळा बोजा येतो का, हेही विचारलंत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं, की सभासदाच्या कृत्यासाठी ॲडमिनला केवळ तो ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही. त्याच्या हातात फार तर माणसं घेणं आणि काढणं असतं. दोघांचा समान हेतू दिसला तरच गोष्ट वेगळी. मोठ्या कंपन्यांनाही, व्हॉट्सॲपसारख्यांना, ग्राहकांनी काय काय कबूल केलं ते चाळून पोलिसांना कळवत बसा असं आपला कायदा सर्वसाधारणपणे सांगत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तपास यंत्रणेने लेखी मागितलं की ७२ तासांत माहिती द्यायची, एवढं आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाची सामग्री हा मोठा अपवाद. ती कळवलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये बजावलं.

म्हणून समृद्धीच्या फोटोवरून ‘प्रत्येक कबुली पोलिसांत’ असा नियम करायची जी मागणी आहे, ती मान्य करू नका असं मी म्हणेन. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. तिथे बाइक घालणं चूकच, आणि चारचाकीलाही जिथे १२० ची मर्यादा आहे तिथे १३८ हा वेडेपणा. पण हा दंडाचा विषय आहे. तुमच्या ग्रुपवर लोक मोकळेपणाने लिहितात, ‘ओल्या वळणावर पुढचा ब्रेक दाबला, पडलो’, ‘ट्रकला डावीकडून ओव्हरटेक करायला गेलो, थोडक्यात वाचलो’. यातल्या निम्म्या गोष्टी कागदावर नियमभंगच आहेत, आणि त्या वाचूनच नवी पोरं शहाणी होतात. उद्या प्रत्येक ओळ चौकीत जाणार म्हटल्यावर कुणी लिहिणार नाही. फोटोखाली तुमच्या नावाने स्पष्ट लिहा की हे आपल्या गटात चालणार नाही, आणि पुढच्या तीन राइडना त्याला घेऊ नका.

मात्र ‘कसारा घाट कोण किती मिनिटांत’ असलं काही कुणी टाकलं, तर ते वेगळं. ती झालेल्या चुकीची कबुली नव्हे, होऊ घातलेली शर्यत आहे. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि तुमच्या ग्रुपवर ठरलेल्या राइडला तुम्ही अंगठ्याच्या इमोजीने होकार दिलात तर तुम्हीही अडकाल. ते त्याच क्षणी थांबवा. ऐकत नसतील तर पोलिसांना सांगा, माझी हरकत नाही.

आता किटलीवाल्या माणसाकडे येते. तुमचं पत्र वाचल्यापासून तोच डोळ्यांसमोर आहे.

मी मोटार अपघात न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं जखमींची आणि गेलेल्यांच्या घरच्यांची कामं करते. सुरुवातीच्या काळातली एक बाई विसरता येत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याची एक चप्पल, दवाखान्याची बिलं आणि फिर्यादीची प्रत घेऊन ती माझ्यासमोर बसली होती. फिर्यादीत ‘अज्ञात वाहन’ असं लिहिलेलं. त्या दोन शब्दांनी तिचा सगळा हिशेब ठरला. वाहन सापडलं असतं तर विमा कंपनीकडून नवऱ्याचं वय, कमाई, मागे राहिलेली माणसं पाहून भरपाई मिळाली असती. अज्ञात वाहन म्हणून तेव्हा मृत्यूला २५,००० रुपये मिळत. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार झाले. पण मोडलेल्या मांडीच्या हाडावर, आत रॉड घालून, ५० हजार किती दिवस पुरतात ते तुम्हीच सांगा.

त्या मुलाच्या बाइकचा विमा असेल, तर ती भरपाई विमा कंपनीने द्यायची आहे. मुलाने नाव सांगितलं की त्या घराला विम्याचं दार उघडतं. आणि मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर भरपाईच्या दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी त्या भरवशावर राहू नये. तीन आठवडे तर गेलेच.

म्हणून कायद्याने तुम्ही बांधलेले नसलात तरी ही गोष्ट तुमच्या फोनमध्ये दडून राहू नये, असं माझं ठाम मत आहे. तिच्यासाठी पहिलं पाऊल मात्र त्या मुलाने टाकावं.

बांधलेला तो आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे चालकाचं कर्तव्य. ते मोडल्याबद्दल त्याच कायद्याच्या कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुदत गेली, पण आज गेलेलं चार महिन्यांनी सापडण्यापेक्षा कितीतरी बरं. तो ‘दहा वर्षं’ ऐकून घाबरला असणार. पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये आहे खरी. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला तो तिच्यावरूनच. पण १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू करताना केंद्राने ते उपकलम बाजूला ठेवलं, ते अमलात आलेलं नाही. राहतं १०६(१): मृत्यू झाला असेल तर पाच वर्षांपर्यंत, आणि तो गुन्हा जामीनपात्र आहे. दुखापत असेल तर कलम १२५ आणि २८१, तेही जामीनपात्र. त्याला हे नीट समजावून सांगा. पोरं घाबरून पळतात ती बहुतेक वेळा आयुष्यभर आत बसायला लागेल या भीतीने.

पोलीस ठाण्यात जाण्याआधी त्याने एखाद्या वकिलाला भेटावं. वकिलाला सांगितलेलं कायद्याने गुप्त राहतं, तुम्हाला सांगितलेलं राहत नाही. त्यामुळे त्याच्याकडून आणखी तपशील काढत बसू नका. दारू आणि शर्यत एवढंच विचारा. उद्या साक्षीला बोलावलं, तर जे ऐकलं ते तुम्हाला सांगावंच लागेल. पोलीस तुम्हाला बोलावतील याची धास्ती असेल, तर साठीच्या पुढच्या पुरुषाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांनी घरी यायचं असतं. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ दाखवा.

दोन दिवस द्या. तेवढ्यात तो गेला नाही, तर तुम्ही जा. अपघात ज्या हद्दीत झाला तिथल्या ठाण्यात लेखी द्या आणि पोच घ्या. ‘अमक्याने सायकलस्वाराला उडवलं’ असं लिहू नका, ते तुम्ही पाहिलेलं नाही. ‘अमुक तारखेला, अमुक वाजता, अमक्याने मला ऑडिओ पाठवला, त्यात असं म्हटलं आहे’ एवढंच लिहा. चांगल्या हेतूने अधिकाऱ्याकडे केलेल्या तक्रारीला अब्रुनुकसानीच्या कायद्यात अपवाद आहे. खोटी माहिती मात्र गुन्हा, म्हणून पदरचा एक शब्द नको. ऑडिओ पुरावा म्हणून लागला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. मूळ फोन तुमच्याकडे असला की ते होतं. अशी कबुली न्यायालयात कमकुवत पुरावा मानली जाते, एकट्या तिच्यावर सहसा शिक्षा होत नाही. तुमचं नाव गुप्त राहील, असं वचन मी देणार नाही. माहिती कुणी दिली ते सांगायला पोलिसांना भाग पाडता येत नाही, पण ऑडिओ तुमच्या फोनवर आला आहे. साक्षीदार व्हावं लागेल, हे धरून चाला.

आज रात्री त्याला फोन करा. मेसेज नको. ‘मी तुझ्याबरोबर ठाण्यात येतो’ असं सांगा. लायसन्स, आरसी, विम्याची पॉलिसी बरोबर घ्यायला सांगा. बाइकचा काही भाग फुटला असेल तर तो आता बदलू नये. आधीच बदलला असेल तर गॅरेजची पावती आणि जुना भाग सांभाळून ठेवावा. आणि ठाण्यात बसल्यावर जबाब सुरू होण्याआधी ठाणे अंमलदाराला विचारा, त्या दिवशीचा तो दूधवाला कसा आहे.