ताटात डोकावणाऱ्यांविषयी

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपल्या खाण्यावर लोक शेरे मारतात तेव्हा काय करायचं, असं तू विचारलंस. एकाच आठवड्यात एकाने ‘एवढंच?’ म्हणून विचारलं, दुसऱ्याने ‘अजून घेणार?’ म्हणून, आणि ताट दोन्ही वेळा सारखंच होतं, असं तू ओघात लिहिलं आहेस. मला तर त्यातच अर्धं उत्तर दिसलं. ताट तेच आणि शेरे उलटसुलट, म्हणजे ते शेरे ताटावरचे नाहीतच. एक जण स्वतःच्या पथ्याला वैतागलेला असतो, दुसऱ्याला जेवताना बोलायला विषय सापडत नाही. तुझं ताट त्यांना तोंडी लावायला हवं असतं.

हे कळलं म्हणून टोचायचं थांबत नाही, हेही मला ठाऊक आहे. मी स्वतः कित्येक वर्षं खुलासे देत बसले. कुणी विचारलं की आज उशिरा खाल्लंय, पोट जड आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, अशी कारणांची रांग लावायची. समोरच्याकडे प्रत्येक कारणावर तोड तयारच असायची. डॉक्टरांच्या कारणावर तर हमखास कुणाच्या तरी दुसऱ्या डॉक्टरांचं मत ऐकावं लागायचं! फार उशिरा माझ्या ध्यानात आलं की कारण देऊन आपणच तो विषय चर्चेला ठेवतो. कारण बनवलेलं असलं तर आणखी पंचाईत, कुणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवावं लागतं.

तेव्हा उत्तर आखूड ठेव. ‘मला पुरे.’ किंवा ‘हवं तेवढं घेतलंय.’ आणि लगेच त्यांच्याच कामाचं, प्रवासाचं काहीतरी विचार. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला तरी शब्द बदलू नकोस, कारण नव्या शब्दाला नवा फाटा फुटतो. हसत सांगितलंस तरी चालेल, पण स्वतःची थट्टा करून सुटका करून घेऊ नकोस. ‘मी आहेच खादाड’ म्हटलं की त्या वेळी सगळे हसतात, आणि पुढच्या खेपेला तुझाच शब्द तुझ्या ताटात परत येतो.

घरच्यांचं आणि जवळच्यांचं वेगळं. त्यांना जेवण चालू असताना अडवू नकोस, चारचौघांत कुणीच माघार घेत नाही. एरवी एकटं गाठून सांग: ‘जेवताना माझ्या खाण्यावर बोललं की घास घशाखाली उतरत नाही. काळजी वाटत असेल तर मला बाजूला घेऊन विचारा.’ यातलं शेवटचं वाक्य गाळू नकोस. खरी काळजी करणारा माणूस त्यानंतर खरंच बाजूला येऊन विचारतो. जो तरीही ताटावरच बोलत राहतो, त्याच्याशी ‘मला पुरे’च्या पुढे जायचं कारण नाही.

काही पदार्थ तुला जात नाहीत त्याला लोक ‘नखरे’ म्हणतात, त्या शब्दाने तू फार दुखावल्यासारखं वाटलं. तर हे ऐक. 1931 मध्ये आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्याचं तोंड कडू झालं, फॉक्सला मात्र काहीच चव लागेना. दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं, आणि दोघंही खरंच बोलत होते. काही कडू चवी कुणाला किती तीव्र लागणार हे बऱ्याच अंशी जन्मतःच ठरलेलं असतं. 2003 मध्ये त्यामागचा मुख्य जनुकही सापडला. तुला जे घशाखाली उतरत नाही ते त्यांना गोड लागत असेल. हे सगळं कुणाला ऐकवू नकोस, पुन्हा खुलासाच होईल. हे फक्त तुझ्यासाठी.

एका ओळीने मात्र मला अस्वस्थ केलं. लोकांसमोर दोन घास कमी खायचे आणि नंतर दार लावून खायचं, असं हल्ली होतंय म्हणालीस. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 धडधाकट पुरुषांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून एक प्रयोग केला होता. अन्नात कधी विशेष रस न घेतलेली ती माणसं रात्रंदिवस खाण्याचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. निर्बंध उठल्यावर काहींना पोट भरलं तरी थांबता येईना. तुझं तितकं ताणलेलं नाही, पण मारलेली भूक कुठे जाते ते त्यावरून बघ. लोकांसमोर पोटभर जेव, मग कुणी काहीही म्हणो. तरीही ते लपवून खाणं सुटत नसेल, जेवणाच्या वेळेची धास्ती वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. एकटं जावंसं वाटत नसेल तर मी येते.

आणि हो, ‘घे ना अजून थोडं’ म्हणायची खोड मलाही आहे, तुला ते चांगलंच माहीत आहे. पुढच्या भेटीत मी तसं म्हटलं तर ‘मला पुरे’ची पहिली तालीम माझ्यावरच कर.

तुझी,
मावशी