'नैसर्गिक प्रतिजैविक' हा पिवळा पीतांबर आहे का?

'हळद हे एक नैसर्गिक प्रतिजैविक आहे' हे वाक्य बरोबर आहे का, आणि नसल्यास 'प्रतिजैविक'ऐवजी 'जंतुनाशक' लिहावे का, असे एका वाचकाने विचारले आहे. व्याकरणाच्या बाजूने वाक्यात काही खोट नाही; 'प्रतिजैविक' हे नपुंसकलिंगी नामही नीट चालवले आहे. अडचण अर्थाची आहे.

सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेल्मन वाक्समन यांनी १९४०च्या दशकात 'अँटिबायोटिक' या संज्ञेची जी व्याख्या रूढ केली, तिच्यानुसार एका सूक्ष्मजीवाने तयार केलेला आणि दुसऱ्या सूक्ष्मजीवांची वाढ रोखणारा किंवा त्यांना मारणारा पदार्थ म्हणजे प्रतिजैविक. या अर्थाने प्रतिजैविक मुळातच नैसर्गिक असल्याने त्याला 'नैसर्गिक' हे विशेषण लावणे म्हणजे पिवळा पीतांबर नेसणे होय. आणि हळद ही वनस्पती असल्यामुळे ती या व्याख्येत बसतही नाही. अर्थात व्याख्या तेथेच थांबली नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन पूर्णपणे कृत्रिम असूनही त्याला आज सर्रास प्रतिजैविक म्हणतात, कारण व्यवहारात या शब्दाचा अर्थ 'जीवाणुसंसर्गावरील औषध' असा झाला आहे. गंमत अशी की, या नव्या अर्थाने पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या औषध कंपनीत शोधलेले हमायसीन हे औषध बाहेर पडते, कारण ते जीवाणूंवर नव्हे तर बुरशीवर चालते. वाक्समन यांच्या व्याख्येत मात्र ते चपखल बसते, कारण ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. (गावाचे नाव असे लॅटिन होऊन बसलेले पाहून मला उगाचच बरे वाटते.)

'जंतुनाशक' हा शब्द येथे मी सुचवणार नाही. तो कानावर पडताच मराठी माणसाला फरशी पुसायचे फिनेल आठवते, पोटात घ्यायचे औषध नव्हे. शिवाय 'नाशक' म्हटले की मारणे आले, आणि तेवढे सांगण्याइतका पुरावा बहुधा हाती नसतो. प्रयोगशाळेत अगर या जेलीसारख्या पदार्थाच्या थाळीवर जीवाणू पसरतात, त्यावर तपासायच्या पदार्थाच्या अर्कात भिजवलेली कागदाची लहानशी चकती ठेवतात आणि थाळी रात्रभर उबवतात. सकाळी चकतीभोवती स्वच्छ कडे दिसले, तर तेथे वाढ झाली नाही एवढेच कळते. जीवाणू मेले की नुसते थबकले, हे ते कडे सांगत नाही. पेनिसिलीन जीवाणूंची भित्ती बांधू न देऊन त्यांना मारते, तर टेट्रासायक्लीन प्रथिननिर्मिती अडवून मुख्यतः वाढ थोपवते. म्हणजे 'नाशक' आणि 'रोधक' हा भेद केवळ शब्दांचा नाही.

म्हणून अशा ठिकाणी 'सूक्ष्मजीवरोधी' हे विशेषण वापरावे. ते गुणधर्म सांगते, उपचाराचा दावा करत नाही. आणि हळदीच्या बाबतीत हा संयम आवश्यकच आहे, कारण तिच्यातील कर्क्युमिन हे रसायन आतड्यातून रक्तात फारच थोडे उतरते, त्यामुळे थाळीत दिसलेला परिणाम रुग्णाच्या शरीरात दिसेलच असे म्हणता येत नाही. वाक्य असे लिहावे: 'हळदीतील कर्क्युमिनमध्ये सूक्ष्मजीवरोधी गुण असल्याचे प्रयोगशाळेत आढळले आहे.' यातील 'प्रयोगशाळेत' हा शब्द जागा वाचवण्यासाठी कापू नये.