आधी चार पानं काढ

पहिलंच कॉमिक (चित्रकथा) थेट दोनशे पानांचं काढायचं म्हणतोस, तो उत्साह आवडला, पण ती गाथा सध्या कपाटात ठेव. चार पानांत संपेल अशी गोष्ट घे. आजीचा चष्मा हरवला, एवढीही पुरते.

‘हात बसलेला नाही’ म्हणतोस, तो बसेल. नवशिके अडकतात ते भलतीकडेच:

– कोऱ्या कागदावर थेट शाई. आधी काडेपेटीएवढ्या चौकटींत काड्यांची माणसं काढून अख्खं पान मांडून बघ.
– संवादाचे फुगे शेवटी कोंबणं. संवाद आधी लिही, फुग्याला जागा सोड, मग चेहरा काढ. माझ्या पहिल्या पानावर नायिकेचं अर्धं कपाळ फुग्याखाली गाडलं गेलं होतं!
– दिसतंय तेच लिहिणं. पाऊस काढलास ना? मग ‘पाऊस पडत होता’ कशाला?

फुगा म्हणजे नुसतं अक्षरांचं भांडं नव्हे. ‘भीमायन’ (२०११) हे चित्रकथेचं पुस्तक मिळालं तर जरूर बघ. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात बाबासाहेबांचं आयुष्य रंगवलंय. मायेच्या बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे, विखारी बोलण्याच्या फुग्यांना विंचवाची नांगी! साच्यातल्या चौकोनी चौकटीही त्यात नाहीत. तू मात्र तूर्तास पानाला सहा चौकटींवरच राहा.

टॅब्लेट, रंग वगैरे नंतर बोलू. पेन्सिल, खोडरबर, साधे कागद बास. पानं झाली की घरात कुणालातरी वाचायला दे, स्वतः गप्प बस आणि त्यांची नजर कुठे अडखळते ते बघ.