एकाच मुलीला तीन निदानं? यातलं खरं कोणतं?

तिन्ही खरी असू शकतात. चौदा वर्षांच्या भाचीला आधी एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) सांगितलं, आता चिंताविकार आणि नैराश्यही सांगतायत, तर खरं कोणतं आणि उपचार आधी कशावर, असं तुम्ही विचारलंय. यातला पहिला प्रश्न माझे मोठे दीर दर गणपतीत सगळ्यांसमोर विचारायचे, म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

माझ्या मुलाचं एडीएचडीचं निदान चौथीत झालं. पुढे वाचन मागे पडतंय असं दिसलं, तेव्हा मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात चाचण्या करून अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं. आठवीत रोज सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. सोनोग्राफीत काही नाही, रक्तात काही नाही, रविवारी दुखत नाही. मग घरात ठरलं की हे शाळा चुकवायचं नाटक. एका युनिट टेस्टच्या सकाळी तो बाथरूमची कडी लावून आत बसला. दीर आमच्याकडेच उतरले होते, ते दार बडवत होते. त्याने दार उघडलं तेव्हा हात बर्फासारखे गार, शर्ट घामाने भिजलेला, शब्द फुटत नव्हता. "भाऊजी, घामाचं नाटक करता येत नाही," एवढं मी तिथेच बोलले.

मानसोपचारतज्ज्ञांनी चिंताविकार सांगितला. त्यावर भाऊजींचं म्हणणं, "आधी एक, मग दुसरं, आता तिसरं. डॉक्टरलाच कळत नाहीये. आधी एक काय ते नक्की करा, मग गोळ्या द्या."

हे साफ चूक आहे. वाढत्या मेंदूत अडचणी एकमेकींच्या शेजारीच वाढतात, आनुवंशिक धोकाही बराचसा सामाईक असतो. २००७ साली अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूचे एमआरआय तपासले. मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी इतर मुलांत साधारण साडेसाताव्या वर्षी कमाल होत होती, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाव्या. सगळ्यात जास्त उशीर होता तो लक्ष आणि नियोजन सांभाळणाऱ्या पुढच्या भागात. त्यात वयात येताना भावना उसळतात, आणि त्यांना आवर घालणारा हा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. वर शाळेत रोज बोलणी. अशा मुलाला धास्ती बसली तर नवल काय? नैराश्यही बऱ्याचदा याच वाटेने येतं.

आणि 'एकच काय ते' हा आग्रह एकेकाळी डॉक्टरांचाही होता. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत स्वमग्नता (ऑटिझम) असेल तर एडीएचडीचं निदान देता येत नसे. २०१३ च्या आवृत्तीत ती अट काढली, कारण दोन्ही असलेली मुलं दवाखान्यांत दिसतच होती. भाऊजींना मी हे छापून दिलं होतं.

उपचार आधी कशावर, तर जे मुलीला सगळ्यात जास्त अडवतंय त्यावर. मरणाचं बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. एरवी क्रम डॉक्टरांवर सोडा. एडीएचडीच्या गोळीने काहींची चिंता वाढते, काहींची कामं वेळेवर व्हायला लागली की कमी होते. माझ्या मुलाला समुपदेशनाचा जास्त उपयोग झाला, दहावीला जादा वेळ मिळाल्याचाही.

मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येक निदान बरोबरच असतं असंही नाही. अपुरी झोप, थायरॉईड, शाळेतला छळ यांनीही अशीच लक्षणं दिसतात, त्यामुळे पंधरा मिनिटांत तीन नावं लिहून दिली असतील तर दुसरं मत जरूर घ्या.

पण ते मत डॉक्टरांचं घ्या, नातेवाइकांचं नको. घरात कुणाला शंका असेल तर त्यांना पुढच्या वेळी दवाखान्यात सोबत न्या, काय विचारायचं ते तिथे विचारू देत. मुलीच्या देखत जेवणाच्या पंगतीत हा विषय काढायला मात्र सक्त मनाई करा, मग समोर मोठे दीर असोत नाहीतर सासरे.