पिल्लू अडलंय, कवच फोडू का?

प्रश्न : घरच्या इन्क्युबेटरमध्ये बारा गावठी अंडी ठेवली होती. विसाव्या दिवशी रात्री एका अंड्याला आतून भोक पडलं. आता चौदा तास झाले, भोक तेवढंच आहे, आतून चिवचिव ऐकू येते. शेजारच्या काकू म्हणतात, सोलून काढ, नाहीतर गुदमरेल. काय करू? (सातारा)

उत्तर : काही करू नका. यंत्राचं झाकणही उघडू नका. भोक पडलं म्हणजे हवेची सोय झाली, गुदमरण्याची भीती संपली.

पिल्लू आधी आतला पापुद्रा फोडून अंड्याच्या रुंद टोकाच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं. फुप्फुसाने श्वास तिथे सुरू होतो, चिवचिवही तेव्हापासून ऐकू येते. मग चोचीवरच्या पांढऱ्या टोकदार दाण्याने ते कवचाला भोक पाडतं. तोवर त्याला बराचसा प्राणवायू मिळत असतो तो कवचाच्या आतून पसरलेल्या रक्तवाहिन्यांतून. त्यांतलं रक्त अंगात ओढून घ्यायचं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात घ्यायचा, ही कामं अजून बाकी असतात. त्याला सहज बारा ते चोवीस तास लागतात. बाहेरून काहीच हालचाल दिसत नाही आणि नेमका इथेच माणसाचा धीर सुटतो. आता सोललंत तर भरलेल्या वाहिन्या फाटतील, बलक बाहेर लोंबेल, आणि धडधाकट पिल्लू तुमच्या हातातच दगावेल.

हात कधी घालायचा? भोक पडून चोवीस तास उलटले आणि काहीच पुढे सरकलं नाही तर. किंवा कवच गोल कापायला सुरुवात करून पिल्लू अर्ध्यावर कित्येक तास थांबलं असेल तर. भोकातून दिसणारा पापुद्रा पांढरा, ओलसर असेल तर आणखी थांबा. तो पिवळट-तपकिरी, चामड्यासारखा सुकला असेल तर पिल्लू त्यात आवळलं गेलंय असं समजा. बहुतेक वेळा आपणच सारखं झाकण उघडून ओलावा घालवलेला असतो.

हात स्वच्छ धुवा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने पापुद्रा ओला करा, नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नका. भोकापासून रुंद टोकाकडे, हवेच्या पोकळीवरचं कवच कणाकणाने काढा. ओल्या पापुद्र्यात लाल रेषा दिसल्या की तिथेच थांबायचं, अंडं परत आत ठेवायचं आणि काही तासांनी पुन्हा बघायचं. रक्त आलंच तर स्वच्छ कापसाने हलकं दाबून धरा. वरची टोपी सुटली की तुमचं काम संपलं. खालचा भाग पिल्लाला स्वतः लाथा मारून सोडू द्या, ओढून काढू नका. बेंबी अजून चिकटलेली असू शकते.

प्रश्न : एका अंड्याला निमुळत्या टोकाकडून भोक पडलंय. हे उलटं पिल्लू जगेल का? (बारामती)

उत्तर : जगू शकतं, अशी काही आपणहून बाहेरही येतात. पण त्या टोकाला हवेची पोकळी नसते आणि रक्तवाहिन्या उशिरापर्यंत भरलेल्या असतात, म्हणून घाई इथे जास्त महागात पडते. भोक बुजू देऊ नका, पापुद्रा ओलसर राहू द्या, बाकी वरचेच नियम. पुढच्या खेपेला अंडी ठेवताना रुंद टोक वर आहे ना, एवढं बघा.

प्रश्न : जुलैत पंधरा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी बहुतेक पिल्लं पूर्ण वाढलेली, पण सुजलेली, ओलीचिंब आणि मेलेली. आजी म्हणते, विजा कडाडल्या, टोपलीत लोखंड ठेवायला हवं होतं. (देवरुख)

उत्तर : आजींचा खिळा ठेवा, त्याने अपाय नाही. पण पिल्लं गेली ती कोकणातल्या पावसाळी दमट हवेने. अंड्यातलं पाणी हळूहळू उडून जायला हवं. अठराव्या दिवसापर्यंत वजन साधारण १२ ते १४ टक्के घटलं पाहिजे. म्हणजे ५० ग्रॅमचं अंडं ६-७ ग्रॅमने हलकं. हवा दमट असली की ते घटत नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू शेवटी आतल्याच पाण्यात बुडतं. हे कवच फोडून सुधारत नाही. अठरा दिवसांची चूक शेवटच्या तासात भरून निघत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला अंडी तोला. आर्द्रता आपसूकच ५० टक्क्यांच्या वर असेल तर अठराव्या दिवसापर्यंत ट्रेमध्ये पाणी घालूच नका. त्यानंतर मात्र अंडी फिरवणं बंद आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्के.

प्रश्न : आमच्याकडे रोज दोन तास वीज जाते. (परभणी)

उत्तर : खुडूक कोंबडीही रोज दाणापाण्याला उठते. यंत्र घोंगडीने झाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. वीज आल्यावर भरपाई म्हणून तापमान वाढवू नका. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंशच हवं. थोड्या गारव्यापेक्षा चाळिशीपलीकडचा ताप जास्त घातक.

प्रश्न : सोडवलेल्या पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकतात. आणि कोंबडी बाकीची पिल्लं घेऊन उठली, भोक पडलेली दोन अंडी मागेच राहिली. (कागल)

उत्तर : वर्तमानपत्र काढा, त्यावर पाय घसरतात. गोणपाट किंवा जुना टॉवेल अंथरा. मऊ पट्टीने दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर सैल जोडून दोन-चार दिवस ठेवा; पहिल्या दिवशीच बांधलंत तर बहुधा सुधारतात. खाण्याची घाई नको, पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस काढतं. त्यानंतरही उभं राहत नसेल, चोच लावत नसेल, तर जवळच्या पशुवैद्यकाला दाखवा आणि त्याला वेदनेत ठेवायचं का, हे स्पष्ट विचारा.

मागे राहिलेली अंडी बल्बच्या उबेत, शेजारी ओलं फडकं ठेवून, खोक्यात ठेवा. पिल्लं निघून अंग सुकलं की रात्री अंधारात हळूच कोंबडीच्या पंखाखाली सरकवा. दिवसाउजेडी दिलीत तर ती परकी समजून टोचेल.